लेकराचा अपराध आणि घराच्या नावावरचे बिल



अ वर्षातील सामान्य काळाच्या चोविसाव्या रविवारी आपण मत्तयच्या शुभवर्तमानातील निर्दय चाकराचा दाखला ऐकतो (१८:२१-३५). या दाखल्यावर आम्ही धर्मगुरू बहुधा क्षमेचेच प्रवचन करतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यातील पंचविसावे वचन आपण सगळेच भराभर वाचून पुढे जातो. चाकराजवळ फेडायला काही नाही हे दिसताच धनी काय हुकूम देतो? त्याला स्वतःला विका, त्याच्या बायकोला विका, त्याच्या मुलांना विका, आणि कर्ज वसूल करा. कर्ज एकाचे होते, बाजारात मात्र सगळे घर उभे राहणार होते. प्रभू येशूने ही गोष्ट सांगितली तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही त्यात नवल वाटले नसेल. त्यांनी तसे घडताना पाहिले होते.

आजच्या अभ्यासपाठात आपण याच वचनापाशी थांबणार आहोत, आणि प्रश्न उलट बाजूने विचारणार आहोत. बापाच्या कर्जापायी मुले विकली जात होती. मुलाच्या अपराधापायी आईबापांचे घर विकले गेले तर?

हा प्रश्न काल्पनिक नाही. जगातल्या अतिश्रीमंत देशांपैकी एका देशात, अमेरिकेत, अल्पवयीन मुलगा पोलिसांच्या हाती लागला की न्यायालयाचा आणि कोठडीचा खर्च त्याच्या आईवडिलांकडून वसूल करण्याची पद्धत अनेक राज्यांत वर्षानुवर्षे चालली. गेल्या दहा-बारा वर्षांत काही राज्यांनी ती मोडली, काहींनी अर्धवट मोडली, तर काही ठिकाणी ती अजून चालू आहे. आपण वसईतली माणसे अमेरिकेचे उदाहरण का घ्यावे, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. तिथे या खर्चाचा हिशोब कागदावर मांडला गेला, त्यावर न्यायालयात वाद झाला, कायदे बदलले. आपल्याकडे घराला पडणारा भुर्दंड कुठेच लिहिला जात नाही. दुसऱ्याच्या वहीतला हिशोब वाचून आपला हिशोब मांडायला सोपे जाते.

थोडा इतिहास पाहू. मुलांसाठी वेगळे न्यायालय ही कल्पना अमेरिकेत १८९९ साली शिकागो शहरात प्रथम प्रत्यक्षात आली. त्यामागचा विचार असा होता की चुकलेल्या मुलाला गुन्हेगार न मानता वाट चुकलेले लेकरू मानावे, आणि न्यायाधीशाने कठोर दंडाधिकाऱ्यासारखे न वागता शहाण्या बापासारखे वागावे. विचार सुंदर होता. पण बापाच्या मायेने वागणाऱ्या न्यायाधीशापुढे वकिलाची काय गरज, असे म्हणत मुलांचे हक्कच काढून घेतले गेले. १९६४ साली ॲरिझोना राज्यात गॉल्ट नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाला एका असभ्य फोनबद्दल वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारगृहात ठेवण्याचा हुकूम झाला. त्याच गुन्ह्यासाठी मोठ्या माणसाला फार तर पन्नास डॉलर दंड किंवा दोन महिने कैद झाली असती! १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला आणि मुलांनाही वकील मिळण्याचा हक्क आहे असे ठरवले.

हक्क मिळाला. पुढे अनेक राज्यांनी त्या हक्काचेही बिल आईबापांच्या हाती ठेवले.

बिल कसे तयार होत असे ते पाहू. कॅलिफोर्निया राज्यात आलमेडा नावाचा जिल्हा आहे, ओकलंड शहराचा. तिथे २०१६ पर्यंतचे दर असे होते : किशोर कोठडीत ठेवल्याबद्दल रात्रीला २५ डॉलर २९ सेंट, मुलगा घरी असला तर त्याच्या घोट्याला बांधलेल्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्याचे दिवसाला १५ डॉलर, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीचे महिन्याला ९० डॉलर, चौकशी अहवालाचे २५० डॉलर, सरकारी वकिलाचे ३०० डॉलर. आता आपण स्वतःच बेरीज करू. समजा, एक मुलगा वीस रात्री कोठडीत राहिला, दोन महिने पट्टा बांधून घरी होता आणि सहा महिने देखरेखीखाली होता. कोठडीचे ५०५ डॉलर ८० सेंट, पट्ट्याचे ९००, देखरेखीचे ५४०, अहवालाचे २५०, वकिलाचे ३००. एकूण जवळजवळ अडीच हजार डॉलर. यात चोरलेल्या वस्तूची भरपाई नाही, शिक्षा म्हणून ठोठावलेला दंडही नाही. हा केवळ 'खर्च' आहे. आणि ज्या आईच्या हाती हे बिल पडते ती बहुधा कुठल्या तरी दुकानात, इस्पितळात किंवा दुसऱ्यांच्या घरी तासाच्या मजुरीवर राबणारी असते. या जिल्ह्यात कृष्णवर्णीय मुले अधिक पकडली जात, म्हणून बिलेही त्यांच्याच घरी अधिक जात.

पैसे भरले नाहीत तर? कॅलिफोर्नियात ही रक्कम आईबापांवरचे दिवाणी कर्ज बनत असे. पगारातून कापून घेतली जाई, सरकारकडून परत मिळणारा कर परस्पर वळता केला जाई. त्या राज्यातील एका आईने मुलाच्या कोठडीचे बिल फेडण्यासाठी घर विकले. तरीही हजारो डॉलर बाकी राहिले. शेवटी ती दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली, तर जिल्हा तिथेही बाकी मागत राहिला. हे कर्ज मुलाच्या पोटगीसारखे आहे, म्हणून ते दिवाळखोरीतही माफ होत नाही, असे जिल्ह्याचे म्हणणे होते. २०१६ साली केंद्रीय अपील न्यायालयाने ते फेटाळले आणि त्या माउलीची सुटका केली. इतर काही राज्यांत तर पैसे न भरल्याबद्दल मुलाची देखरेखीची मुदत वाढवली जाई, कधी त्याला पुन्हा आत पाठवले जाई. दाखल्यातला दुसरा प्रसंग आठवतो ना? शंभर दिनारांसाठी सोबत्याला तुरुंगात टाकले, फेड होईपर्यंत. तुरुंगात बसून माणूस फेडणार कशाने, हा प्रश्न त्या चाकराला पडला नाही. कायदे करणाऱ्यांनाही तो फार उशिरा पडला.

आता विचाराच्या गाभ्याकडे येऊ. न्यायालयात पैशाचे तीन वेगवेगळे व्यवहार होतात आणि आपण त्या तिघांनाही सर्रास 'दंड' म्हणतो. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिला व्यवहार भरपाईचा. मी तुमची सायकल चोरली, तर सायकल किंवा तिची किंमत तुम्हाला परत मिळालीच पाहिजे. जक्कयाने चौपट परत देण्याचे वचन दिले (लूक १९:८) ते या प्रकारचे. संत थॉमस अक्वायनस भरपाईला शिक्षेपासून वेगळे ठेवतात. त्यांच्या मते भरपाईचे काम समोरच्याचे जे हिरावले गेले ते त्याच्याकडे परत पोचवून बिघडलेला तोल सावरणे हे आहे. ती ज्याचे नुकसान झाले त्याच्यासाठी असते.

दुसरा व्यवहार दंडाचा. हा शिक्षेचा भाग. अपराध्याने काही तरी भोगावे आणि त्यातून शिकावे म्हणून तो असतो. अक्वायनस म्हणतात की शिक्षा ही शिक्षा म्हणून फक्त अपराध्यालाच देता येते. निरपराध्यावर आलेला त्रास औषधासारखा असू शकतो, पण त्याला शिक्षा म्हणता येणार नाही.

तिसरा व्यवहार शुल्काचा. हे पैसे पीडिताला मिळत नाहीत आणि ते शिक्षा म्हणूनही ठरवलेले नसतात. न्यायालय, कोठडी आणि कार्यालय चालवण्याचा खर्च भागवण्यासाठी ते घेतले जातात.

या तीन व्यवहारांना आपण अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायाची कसोटी लावू. हा अध्याय घरी सावकाश वाचण्यासारखा आहे. गरिबाच्या घरातील जात्याची तळी किंवा वरची पाळ गहाण घेऊ नये, कारण तो त्याचा जीवच गहाण घेणे होय (वचन ६). गहाण वस्तू आणायला सावकाराने घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे (१०-११). गरिबाचे पांघरूण सूर्य मावळण्याआधी परत करावे (१२-१३). विधवेचे वस्त्र गहाण घेऊ नये (१७). आणि या सगळ्या गहाणाच्या नियमांच्या मधोमध, सोळाव्या वचनात, एकदम वेगळाच वाटणारा नियम येतो : मुलाच्या पापासाठी बापाला आणि बापाच्या पापासाठी मुलाला मृत्युदंड देऊ नये, ज्याने त्याने आपल्याच पापाचे फळ भोगावे. भाष्यकार या मांडणीचा अर्थ निरनिराळा लावतील. आम्हाला मात्र त्यात एक व्यवहारज्ञान दिसते. मोशेच्या नियमशास्त्राला ठाऊक होते की गरिबाच्या घरात पाप आणि कर्ज हे दोन्ही एकाच दाराने शिरतात, आणि दोन्हींच्या बाबतीत वसुली करणाऱ्याला कुणीतरी उंबऱ्याबाहेर थोपवून धरले पाहिजे.

या कसोटीवर भरपाई टिकते. दंडही टिकतो, मात्र तो अपराध्यावर आणि त्याच्या ऐपतीप्रमाणे असला तर. आईबापांवर लादलेले शुल्क टिकत नाही. अपराध त्यांचा नाही आणि पैसा पीडितालाही मिळत नाही. शिवाय समाजाच्या सुरक्षिततेसाठी समाजानेच मुलाला आत ठेवले आहे. ते काम सगळ्यांसाठी केलेले आहे, तर त्याचा खर्च एका घरावर का? दवाखान्यात आपण बिल देतोच की, असे कुणी म्हणेल. पण दवाखान्यात आपण आपल्या पायाने जातो. कोठडीत मुलाला कोणत्याही आईने भरती केलेले नसते.

यावर दोन आक्षेप येतात. दोन्ही ऐकून घेण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप असा की करदात्याने का सोसावे? आलमेडा जिल्ह्यात बर्कली विद्यापीठाच्या कायदा शाखेतील विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी हिशोब तपासायला लावला. २०१४-१५ या वर्षात सुमारे अडीच लाख डॉलर वसुलीवर खर्च करून जिल्ह्याच्या हाती चार लाखांहून थोडे अधिक आले होते. म्हणजे प्रत्येक शंभर डॉलरमागे साठ डॉलर वसुलीतच गेले. हिशोब बाहेर पडल्यावर जिल्ह्याने २०१६ साली ही वसुली थांबवली. सरकारी कार्यालयाला नफातोट्याची भाषा लवकर समजते. गरिबांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ती शिकून घ्यायला हरकत नाही!

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो आपल्या धर्मग्रामातही ऐकू येतो. आईबापांना झळ बसल्याशिवाय ते मुलांकडे लक्ष देणार नाहीत, असा तो आक्षेप. मे २०२४ मध्ये पुण्यात एका अल्पवयीन मुलाने चालवलेल्या भरधाव महागड्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले आणि बाल न्याय मंडळाच्या एका सदस्याने त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन दिला, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राचा संताप उसळला. तो संताप खोटा नव्हता. त्या दिवसांत आईबापांनाच धरा, असे सगळीकडे बोलले जात होते. आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ साली तशी तरतूद आलेलीही आहे : अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. पण मला हे माहीत नव्हते किंवा मी ते टाळण्याचा पुरेपूर प्रयत्न केला, असे पालकाने सिद्ध केले तर तो सुटतो.

हा फरक नीट ध्यानात घ्यावा. ज्या बापाने अठरा वर्षांखालील मुलाच्या हातात किल्ली दिली, त्याने स्वतः काही केले आहे. त्याला होणारी शिक्षा त्याच्या स्वतःच्या अपराधाची आहे, मुलाच्या नव्हे. अनुवादाच्या सोळाव्या वचनाशी तिचा काही झगडा नाही. पण जी आई रात्रपाळीला होती आणि जिचा मुलगा त्या रात्री मित्रांबरोबर कुणाचे दुकान फोडायला गेला, तिने काय केले? ती कामावर गेली. तिच्या हातात अडीच हजार डॉलरचे बिल ठेवले, तर ती आणखी एक पाळी करील. मुलगा आणखी एक रात्र एकटा राहील. लक्ष द्यावे म्हणून लावलेला भुर्दंडच लक्ष देण्याचा वेळ खाऊन टाकतो.

शिवाय ठरावीक रकमेचा एक मोठा दोष आहे. ज्या घरात लाखांची मोटार उभी आहे त्या घरात पंचवीस हजार रुपये म्हणजे काहीच नाहीत, आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला पाच हजार म्हणजे महिन्याचे रेशन, शाळेची फी आणि खोलीचे भाडे. ॲरिस्टॉटल न्यायाची चर्चा करताना प्रमाणाचा आग्रह धरतो. आकडा सारखा ठेवला म्हणजे वाटणी सारखी झाली, असे तो मानत नाही. सेमिनरीत शिकताना हे रुक्ष वाटते. पतपेढीच्या दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहिले की ते लगेच समजते.

या वसुलीमुळे मुले सुधारतात का, हेही तपासले गेले आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यातील ॲलेघनी जिल्ह्यात, म्हणजे पिट्सबर्ग शहराच्या परिसरात, ११६७ मुलांच्या प्रकरणांचा अभ्यास पिकेरो आणि जेनिंग्ज या दोन गुन्हेशास्त्रज्ञांनी केला आणि २०१६ साली तो पुढे आला. वय, पूर्वीची प्रकरणे, गुन्ह्याचे स्वरूप या गोष्टी जमेस धरूनही, ज्यांच्यावर पैशाचा बोजा अधिक होता ती मुले पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता अधिक दिसली. अशा एका अभ्यासाने सगळे सिद्ध होत नाही. पण सोळा वर्षांच्या मुलाला कर्जात उभे केले, आणि आपल्यामुळे आई कर्जात बुडाली हे त्याला रोज दिसू लागले, तर झटपट पैशाचा रस्ता त्याला किती जवळचा वाटेल याची कल्पना करायला आपल्याला आकडे लागत नाहीत.

बदल कसा झाला ते थोडक्यात सांगतो. वॉशिंग्टन राज्याने २०१५ साली मुलांवरची बरीचशी शुल्के काढली. फिलाडेल्फिया शहराने २०१७ साली मुलांच्या कोठडीचे पैसे आईबापांकडून घेणे बंद केले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने राज्यभरासाठी कायदा केला आणि १ जानेवारी २०१८ पासून तिथे नवी शुल्के लावणे थांबले. मेरीलँडने २०२० साली, कोलोरॅडो व ओरेगनने २०२१ साली आपापले कायदे केले.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात एक मोठी फट राहिली होती. नवे बिल बंद झाले, पण जुन्या बाकीचे काय? काही जिल्ह्यांनी ती आपणहून सोडून दिली. काही जिल्हे मात्र वसूल करीतच राहिले. म्हणजे २०१७ च्या डिसेंबरात मुलगा पकडला गेला तर आई कर्जबाजारी, आणि तोच जानेवारीत पकडला गेला तर ती मोकळी. अखेर २०२० साली दुसरा कायदा करून जुनी बाकीही पुसून टाकावी लागली. पवित्र शास्त्राला हे पूर्वीच माहीत होते. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात दर सातव्या वर्षी जुने कर्ज सोडून देण्याचा नियम आहे, आणि सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरिबाला हात आखडता घेऊ नका, असा इशाराही आहे. नियम करणाऱ्याला माणसाचे मन ठाऊक होते. पोप फ्रान्सिस यांनी २०२५ च्या जुबिली वर्षाच्या घोषणापत्रात कैद्यांसाठी शिक्षेत सूट आणि गरीब राष्ट्रांसाठी कर्जमाफी या दोन्ही गोष्टी मागितल्या, त्या याच परंपरेतून. त्याच पोपमहोदयांनी २०१३ साली, पदावर आल्यानंतरच्या पहिल्याच पवित्र गुरुवारी, रोममधील कासाल देल मार्मो या किशोर तुरुंगात जाऊन बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले होते. त्यांत मुलीही होत्या आणि मुसलमानही होते.

अमेरिकेतील आपल्या बिशपांच्या परिषदेने नोव्हेंबर २००० मध्ये गुन्हा आणि न्याय या विषयावर एक निवेदन काढले होते. त्यात जबाबदारी, सुधारणा आणि नाते पुन्हा जोडणे या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या होत्या. पीडिताला विसरू नये आणि अपराध्यालाही टाकून देऊ नये; आणि मुलांना पूर्ण वाढ झालेल्या विवेकाच्या प्रौढांप्रमाणे वागवू नये, असे त्यांनी स्पष्ट म्हटले होते. आम्हाला वाटते, शुल्काच्या प्रश्नावर नेमका इथेच तोल साधावा लागतो. दुकानदाराची काच फुटली आहे, त्याला ती भरून मिळालीच पाहिजे. मुलाने सुट्टीत काम करून ती भरावी, दुकानदारासमोर उभे राहून माफी मागावी. हे महाग आहे, पण पैशाने महाग नाही. त्याचे मोल मुलालाच द्यावे लागते.

आता आपल्या दाराशी येऊ. भारताचा २०१५ चा बाल न्याय कायदा अमेरिकेतील त्या जुन्या व्यवस्थेपेक्षा या एका बाबतीत खूपच माणुसकीचा आहे. कोठडीचे किंवा वकिलाचे बिल तो आईबापांच्या हाती ठेवत नाही. मात्र कलम १८ नुसार बाल न्याय मंडळ मुलाला किंवा त्याच्या आईवडिलांना दंड भरायला सांगू शकते. त्याच कलमात समज देऊन घरी सोडणे, समुपदेशन, समाजसेवेचे काम, परिविक्षेवर सोडणे हे पर्यायही आहेत. तेव्हा दंडाची गोष्ट निघाली तर घरची परिस्थिती मंडळापुढे मांडून दुसरा पर्याय मागता येतो, हे आईवडिलांना कुणीतरी सांगायला हवे.

आपल्याकडचे खरे बिल न लिहिलेले असते. तारखेला जायचे म्हणजे दिवसाचा खाडा. जामीनदार शोधायचा म्हणजे कुणाचे तरी पाय धरायचे. त्याच्याजवळ मालमत्तेचा कागद हवा, आणि भाड्याने राहणाऱ्याच्या ओळखीचेही भाड्यानेच राहतात. मग कुणी तरी 'माहितगार' भेटतो, वर द्यावे लागतात म्हणून दहा हजार मागतो आणि पावती देत नाही. सोने गहाण पडते. सगळ्यात अधिक लुबाडणूक पहिल्या दोन-तीन दिवसांत होते, कारण लाजेपोटी घरचे कुणाला विचारत नाहीत. म्हणून कायद्यातल्या काही गोष्टी इथे स्पष्ट लिहीत आहोत.

अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, आणि चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. कलम १२ प्रमाणे त्याला जामीनदारासह किंवा जामीनदाराशिवायही सोडता येते. जामिनाची अट सात दिवसांत पुरी करता आली नाही, तर मुलाला पुन्हा मंडळापुढे आणून ती अट बदलण्याचा विचार करावा लागतो. पैसे जमले नाहीत म्हणून पोराला निरीक्षणगृहातच राहू द्यावे, असे कायद्याला अपेक्षित नाही. हे कलम पुष्कळांना माहीत नसते. वकील मोफत मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणतीही स्त्री आणि कोणतेही मूल, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीला पात्र आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक १०९८ आहे. आणि मुलाचे नाव किंवा फोटो छापणे वा पसरवणे हा कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे. हे विशेषतः आपल्या मोबाइलवरील गटांना सांगणे आहे.

आणखी एक गोष्ट पवित्र शास्त्रातूनच. दुसऱ्या राजांच्या चौथ्या अध्यायात एक विधवा अलीशा संदेष्ट्याकडे येते. नवरा कर्ज ठेवून मेला आहे आणि सावकार तिच्या दोन मुलांना दास करून न्यायला येत आहे. अलीशा तिला उपदेश करीत नाही. तुझ्या घरात काय आहे, असे विचारतो. तेलाची एक कुपी आहे, एवढेच. मग तो तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो, पुष्कळ आण म्हणतो. चमत्कार भांड्यांत झाला, आणि भांडी शेजाऱ्यांची होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली एका खटल्यात ठरवले की दंड भरला नाही म्हणून कुणाला तुरुंगात टाकण्याआधी तो का भरता आला नाही हे न्यायाधीशाने विचारले पाहिजे. अलीशाचाही प्रश्न तोच होता : घरात काय आहे?

लहान ख्रिस्ती समूहांच्या या महिन्याच्या बैठकीसाठी समूहप्रमुखांनी अनुवाद अध्याय २४ आणि २ राजे ४:१-७ हे उतारे घ्यावेत. चर्चेसाठी दोन प्रश्न पुरेत. आपल्या आळीत एखाद्या घरातील मुलगा पोलिसांच्या हाती लागला, तर त्या घरी त्या रात्री कोण जाईल, आणि जाताना काय घेऊन जाईल? तसेच ज्याचे नुकसान झाले तो आपल्याच आळीतला असला, तर त्याच्याकडे कोण जाईल? तारखेला सोबत जाण्याची ज्यांची तयारी आहे अशा चार-पाच जणांची, त्यांत एखादी शिक्षिका आणि एखादे निवृत्त सरकारी कर्मचारी असले तर बरे, नावे समूहप्रमुखांनी धर्मग्रामाच्या कार्यालयात द्यावीत. सव्विसाव्या रविवारच्या पहिल्या वाचनात यहेज्केलचा अठरावा अध्याय येतो. आंबट द्राक्षे बापाने खाल्ली आणि दात मुलांचे आंबले, ही म्हण संदेष्टा त्यात मोडीत काढतो. वाचनात त्यातला थोडाच भाग घेतलेला आहे. पुढच्या अभ्यासपाठाला येताना तो अध्याय पहिल्या वचनापासून वाचून यावे.